धूर, अग्नी आणि ओले इंधन

इंग्रजी भाषेत एकच शब्द दोन घरी नांदतो. ग्रंथाच्या अखेरीस जोडलेला मजकूर म्हणजे ॲपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याच्या आरंभी लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली करंगळीएवढी नळी म्हणजेही ॲपेंडिक्सच. मराठीने ही दोन बिऱ्हाडे वेगळी ठेवली. पहिल्याला आपण परिशिष्ट म्हणतो. दुसऱ्याला पाठ्यपुस्तकात आंत्रपुच्छ आणि लालबाग-परळच्या जिन्यांवर सरळ 'अपेंडिस'. साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिशिष्टे न वाचण्याची सवय असते आणि ती सवय त्यांना आम्हा शिक्षकांकडूनच लागते. शरीरातले परिशिष्टही असेच दुर्लक्षित राहते. ते वाचायची वेळ येते ती ते पेटल्यावर.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याच्या निमित्ताने दोन रात्री आम्हाला रक्ततपासणीचे कागद वाचीत बसावे लागले. संहितेचे वाचन हा आमचा पोटापाण्याचा व्यवसाय. तरीही तीन-चार ओळींच्या आणि पाच-सहा आकड्यांच्या त्या संहितेने आम्हाला जेवढे विचारात पाडले तेवढे अलीकडच्या कोणत्याही काव्यसंग्रहाने पाडलेले नाही. त्या विचारांची ही टिपणे आहेत. वैद्यकाचे आम्ही अधिकारी नव्हे, हे वाचकांना सांगण्याची गरज नसावी. कोणाच्या पोटात दुखत असेल तर त्याने हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

मराठीत रोगाचे 'लक्षण' असते आणि काव्यशास्त्रात 'लक्षणा' असते. दोहोंचे मूळ एकच. लक्षणेत मुख्यार्थाला बाध येतो म्हणून आपण शेजारच्या अर्थाकडे सरकतो. वैद्यही लक्षणापाशी थांबत नाही. बेंबीपाशी दुखते असे रोगी म्हणतो तेव्हा तो उजव्या कुशीकडे पाहत असतो. पण रक्तातल्या ज्या खुणांबद्दल आम्ही बोलणार आहोत त्यांना लक्षणेपेक्षा अनुमानाचे शास्त्र अधिक जवळचे आहे. ज्या विकाराला डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे 'दाह'. दाह म्हणजे जळणे. तेव्हा रक्तात दिसतो तो धूर. न्यायशास्त्राचा पहिला धडा ज्यांनी गिरवला आहे त्यांना डोंगर, धूर आणि अग्नी यांची गोष्ट पाठ असते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'मुळे हा डोंगर मुंबईच्या महाविद्यालयांतून कित्येक पिढ्या फळ्यावर काढला गेला. त्याच धड्याचा उत्तरार्ध मात्र विद्यार्थी विसरतात. धुरावरून अग्नीचे अनुमान चालते, अग्नीवरून धुराचे चालत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो. नैयायिक या अटीला 'उपाधी' म्हणतात. ही उपाधी आम्ही वर्गात परीक्षेपुरती शिकवत आलो. तिचा खरा उपयोग परळमध्ये कळला.

आमच्या घरात पोटदुखीला इतिहास आहे. आमच्या आजोबांचे धाकटे बंधू, ज्यांना घरात सगळे बापूकाका म्हणत, गिरगावातल्या एका वाडीत १९३८ च्या पावसाळ्यात गेले. वय बावीस. ही कथा आजीने आम्हाला इतक्यांदा सांगितली की तिचे शब्द ठरून गेले होते. पहिल्या दिवशी बेंबीभोवती दुखू लागले. अपचन असेल म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी एरंडेल पाजले. त्या काळी प्रत्येक पोटदुखीवर पहिला इलाज तोच असे. दुसऱ्या दिवशी दुखणे उजव्या बाजूला खाली उतरले, ताप आला, पाय पोटाशी घेऊन ते कुशीवर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणे एकाएकी थांबले. त्यांनी चहा मागितला. घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले, आजीने देवापुढे साखर ठेवली. पाचव्या दिवशी ते गेले.

आजीला अखेरपर्यंत कळले नाही ते हे की तिसऱ्या दिवशीचा तो आराम हाच खरा घात होता. आतून फुगलेले, ताणलेले आंत्रपुच्छ फुटले की त्यातला दाब एकदम उतरतो आणि काही तास दुखणे कमी होते. मग तो पू आणि विष्ठा उदरपोकळीत पसरतात आणि सगळे पोट पेटते. बापूकाका खोटे बोलले नाहीत. 'आता बरे वाटते' हे त्यांचे विधान त्यांच्यापुरते सत्य होते.

ही आठवण आम्ही मुद्दाम येथे मांडतो. गेल्या पंचवीस वर्षांत साहित्याच्या अभ्यासकांना वैद्यकाच्या दाराशी मान मिळू लागला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टर रिटा शॅरन यांनी या शतकाच्या आरंभी 'नॅरेटिव्ह मेडिसिन' ही संज्ञा रूढ केली. रोग्याचे सांगणे हे आख्यान म्हणून ऐकावे, डॉक्टराने चांगल्या वाचकाची कौशल्ये शिकावीत, असा तिचा आग्रह. आमच्यासारख्यांना हे गोड लागणारच. पण आख्यानाची थोरवी गाताना आम्हाला बापूकाकांचा तिसरा दिवस आठवतो. त्या सकाळी कोणी त्यांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला असता तर रक्ताने त्यांच्या तोंडच्या वाक्याला दुजोरा दिला असता असे वाटत नाही. वेदना उतरते तेव्हा रक्तातल्या खुणा चढत असू शकतात. निवेदक प्रामाणिक असूनही अविश्वसनीय असू शकतो, हे कादंबरी शिकवताना आम्ही नेहमी सांगतो. येथे त्या वाक्याची किंमत एका माणसाएवढी होती.

आता थोडे परळविषयी. या विकाराचे दोन सर्वांत प्रसिद्ध रुग्ण परळच्या एकाच आवाराशी जोडलेले आहेत, आणि त्या फाटकातून रोज आत-बाहेर करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाच्या नावातला 'ई' म्हणजे सातवा एडवर्ड. त्याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता, देशोदेशीचे पाहुणे लंडनला पोहोचले होते, आणि २४ तारखेला फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना बादशहाच्या पोटातला गळू कापून पू काढावा लागला. आंत्रपुच्छ त्यांनी तसेच ठेवले. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. दुसरा रुग्ण त्याच साम्राज्याचा कैदी. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या पोटात दुखू लागले, त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले गेले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ, मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्याआधी श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत गांधीजींनी संमतीच्या कागदावर थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली होती. ज्यांनी 'हिंद स्वराज्या'त डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर एवढी कठोर टीका केली त्यांची ती सही. ज्या डॉक्टरांनी आपल्याला पाहावे अशी त्यांची इच्छा होती त्यांत जीवराज मेहता होते; पण वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली आणि विश्रांतीसाठी ते मुंबईत जुहूला आले. पुढे हेच जीवराज मेहता केईएमचे आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले. अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घालून उभारलेली ही संस्था; तिच्या नावात बादशहा आणि खुर्चीत बंडखोराचा डॉक्टर. इतिहासाला असले विनोद सुचतात.

या दोन्ही शस्त्रक्रियांचा निर्णय घेताना सर्जनांचा मुख्य भरवसा होता तो नाडीवर, तापावर आणि पोटावर ठेवलेल्या हातावर. 'अपेंडिसायटिस' हे नाव बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये दिले; १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावरची ती नेमकी जागा दाखवली जिथे बोट दाबले असता रोगी दचकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजण्याची विद्या विसाव्या शतकाच्या आरंभी अवगत होती आणि त्या किती वाढल्या म्हणजे आत पू झाला असे समजावे याचा वाद तेव्हाच सुरू झाला होता. तो अजून संपलेला नाही.

पांढऱ्या पेशी हा पहिला धूर. प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण चार हजार ते अकरा हजार असतात. दाह सुरू झाला की काही तासांत वाढतात, कारण त्यांतल्या कित्येक आधीच तयार असतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून किंवा अस्थिमज्जेत थांबून. हाक आली की निघाल्या. हाक मोठी असेल तर मज्जा अर्ध्याकच्च्या पेशीही पाठवते. याला डॉक्टर 'डावीकडे झुकणे' म्हणतात, कारण जुन्या मोजणीच्या तक्त्यात कोवळ्या पेशींचा रकाना डावीकडे असे. लालबाग-परळचे रक्त एके काळी डावीकडेच झुकलेले होते, १९८२ च्या संपापर्यंत तरी. पण ते विषयांतर झाले.

दुसरा धूर मंद. त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, बोलीत सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्या जंतूच्या 'सी' नामक शर्करेशी त्याची प्रतिक्रिया होते, म्हणून हे नाव. नावात सूज नाही, पोट नाही, काही नाही. म्हणजे गांधीजींच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते कोणाला ठाऊक नव्हते, बापूकाकांच्या वेळी ठाऊक होते पण गिरगावापर्यंत आले नव्हते. हे प्रथिन आंत्रपुच्छात तयार होत नाही. तेथील पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, तो यकृतापर्यंत पोहोचतो, आणि यकृत प्रथिन बनवू लागते. या सगळ्याला सहा-आठ तास लागतात. आकडा कळसाला जायला दोन दिवसही लागतात. एकदा रक्तात आल्यावर ते सुमारे एकोणीस तासांत निम्मे होते, रोग कोणताही असो. तेव्हा आकड्याची चढ-उतर ठरते ती यकृत किती बनवते आहे यावरच.

आमच्या ओल्या इंधनाचा पत्ता येथे लागला. अग्नी आतड्यात आणि धूर यकृतातून. यकृताने पेट घेतला नाही तोवर आकडा स्वच्छ. पहिल्या सहा तासांतले आंत्रपुच्छ हा लोखंडाचा तापलेला गोळा आहे: हात लावला तर भाजेल, दुरून पाहाल तर काही दिसणार नाही. शिवाय धूर कोणत्या डोंगरावरून येतो हेही सीआरपी सांगत नाही. न्यूमोनिया असो, मूत्रमार्गाचा संसर्ग असो, स्त्रियांच्या ओटीपोटातला दाह असो, संधिवात असो, आकडा तोच. एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला 'ईएसआर', त्याहून संथ; तो दिवसांच्या हिशेबाने हलतो, त्यामुळे या रोगात त्याचा उपयोग थोडाच.

या साऱ्या खुणा एकत्र वाचण्यासाठी डॉक्टरांनी गुणपत्रिका तयार केल्या आहेत, आणि शिक्षक म्हणून आम्हाला त्यांचे विशेष कौतुक वाटले. आल्फ्रेडो अल्वाराडो यांची १९८६ सालची पत्रिका दहा गुणांची. दुखणे सरकले का, भूक मेली का, मळमळले का, हे तीन गुण रोग्याच्या सांगण्याला. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखते याला दोन, हात झटकन उचलल्यावर कळ येते याला एक, तापाला एक. असे चार गुण हाताला आणि थर्मामीटरला. पांढऱ्या पेशी वाढल्या तर दोन, डावीकडे झुकल्या तर एक. म्हणजे रक्ताला तीन. आख्यान तीन, स्पर्श चार, रक्त तीन. इतकी समंजस गुणविभागणी आमच्या विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासमंडळाला साधलेली नाही. तीत सीआरपीला जागा नव्हती. ती २००८ च्या स्वीडिश पत्रिकेत मिळाली. आणि २०१४ मध्ये हेलसिंकीच्या सर्जनांनी प्रौढांसाठी जी पत्रिका प्रसिद्ध केली तिच्यातली एक गोष्ट वाचून आम्ही कागद खाली ठेवला. तेथे सीआरपीचा एकच आकडा दोन रकान्यांत वाचायचा असतो: दुखणे सुरू होऊन चोवीस तास झाले नसतील तर एक गुण, झाले असतील तर दुसरा. शिवाय आकडा एका मर्यादेपलीकडे फारच मोठा असला तर गुण वाढण्याऐवजी घटतात, कारण इतका धूर इतक्या लवकर असेल तर कदाचित आग दुसऱ्याच डोंगरावर असते. नैयायिकांची उपाधी फिनलंडमध्ये कोष्टकात बसवलेली आम्ही पाहिली.

घड्याळाशिवाय आकडा वाचता येत नाही. आणि घड्याळ रक्तात नसते, ते रोग्याच्या सांगण्यात असते.

भाचा सत्तावीस वर्षांचा. लोअर परळला, जिथे गिरण्या होत्या तिथल्या काचेच्या एका इमारतीत तो नोकरी करतो. ताई अजून लालबागच्या चाळीत राहते. त्या रविवारी रात्री दहाच्या सुमाराला त्याला घेऊन आम्ही परळमधल्या एका रुग्णालयात पोहोचलो. रक्त दिले. तासाभराने कागद आला: पांढऱ्या पेशी १२,६००, सीआरपी ९. पेशींच्या आकड्यापुढे वाढल्याची खूण होती. सीआरपीपुढे काही नव्हते. छापील मर्यादा 'दहाच्या खाली' अशी होती. भाच्याने मोबाइलवर काही तरी वाचून जाहीर केले, "आई, सूज नाहीये. घरी जाऊ." ताईचा चेहरा जो उजळला तो पाहून आम्हाला आजीची साखर आठवली, पण आम्ही बोललो नाही.

ड्यूटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरबाई वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी कागदाकडे एकदा पाहिले आणि विचारले, "दुखायला नक्की किती वाजता लागलं?"

"रात्री. आठ वगैरे," भाचा म्हणाला.

"आठ नाही हो डॉक्टर," ताई म्हणाली. "दुपारी मटण होतं, तर दोन घास खाऊन उठला. दीड वाजला असेल. आजवर कधी मटणावरनं उठलेला नाही हा."

भाच्याला ही साक्ष फारशी रुचली नाही. परंतु डॉक्टरबाईंनी ती लिहून घेतली. भूक मेली, एक गुण. आणि घड्याळ साडेसहा तास मागे सरकले. आठला सुरू झालेले दुखणे असते तर दहाच्या रक्तातल्या नऊला काहीच अर्थ नव्हता, यकृताला अजून निरोपही पोहोचला नसता. दीडला सुरू झालेले असेल तर तो नऊ चढणीच्या पहिल्या पायरीवर उभा होता. दोन्ही अर्थांनी घरी जाणे नव्हते. "हा नऊ म्हणजे नॉर्मल नाही, हा नऊ म्हणजे अजून नाही," असे त्या म्हणाल्या. 'नाही' आणि 'अजून नाही' यांतला फरक आम्ही व्याकरणाच्या तासाला इतक्या थोडक्यात कधी सांगू शकलो नाही. रात्रभर तोंडाने काही द्यायचे नाही, सलाईन, आणि सकाळी पुन्हा रक्त.

सकाळी सातला पेशी १५,४००, सीआरपी ७४. मध्यंतरी पहाटे ताईने दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा कोणा नातलगाचा जुना कागद फोनवर मागवून घेतला होता. त्यात सीआरपी ६ असून तो 'वाढलेला' म्हटले होते. तिचा गोंधळ उडाला. तो आकडा डेसिलिटरचा होता, म्हणजे आपल्या लिटरच्या हिशेबाने साठ. एकके न पाहता रिपोर्ट वाचणे म्हणजे मात्रा न पाहता वृत्त ओळखणे. वाचकांनी एवढी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

आता ज्या प्रश्नासाठी हा सारा खटाटोप, तो प्रश्न. आंत्रपुच्छाचा दाह आहे का, याचे उत्तर आज सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन बऱ्याच अंशी देतात. तो किती पुढे गेला आहे, हे सांगणे कठीण. साधा दाह आणि सडलेले, फुटलेले, गळू झालेले आंत्रपुच्छ, हे दोन निराळे प्रसंग आहेत, आणि रक्तातल्या खुणांचे खरे सामर्थ्य या दुसऱ्या प्रश्नात दिसते. निदानात डळमळीत असलेला सीआरपी तीव्रतेच्या बाबतीत बराच बोलका होतो. फुटलेल्यांच्या रक्तात तो सरासरीने पुष्कळ जास्त आढळतो. त्याच्या जोडीला बिलिरुबिन वाढलेले असले, सोडियम उतरलेले असले, प्रोकॅल्सिटोनिन चढलेले असले, की सर्जनच्या कपाळावर आठी पडते. मात्र दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळतात. अमुक आकड्याच्या अलीकडे साधा आणि पलीकडे फुटलेला, अशी रेघ कोणाला मारता आलेली नाही. ज्यांनी मारली त्यांच्या रेघा एकमेकांशी जुळत नाहीत.

हा प्रश्न नवा नाही, हे कळल्यावर आम्हाला धक्काच बसला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायाचे नाव 'आमपक्वैषणीय' असे आहे: सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे, याचा शोध. न पिकलेली अज्ञानाने कापणारा आणि पिकलेलीकडे दुर्लक्ष करणारा, हे दोघेही वैद्य सुश्रुत एकाच तिरस्काराच्या पंक्तीला बसवतो, कारण दोघेही निश्चय न करता वागले. त्याने वापरलेली उपमा जातीवाचक आहे आणि तिचे समर्थन आम्ही करणार नाही. तो भेद मात्र अचूक आहे. त्या काळी पिकलेपण बोटाला, त्वचेच्या रंगाला, रोग्याच्या झोपेला विचारून ठरत असे. पोटाच्या आत बोट जात नाही, म्हणून आपण यकृताला विचारतो.

पूर्वी कच्चे काय, पिकले काय, आंत्रपुच्छ कापायचेच असा दंडक होता, त्यामुळे हा शोध पुस्तकी वाटे. तो आता राहिलेला नाही. फिनलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधा दाह असलेल्या प्रौढांना केवळ प्रतिजैविके दिली गेली. पाच वर्षांत त्यांतल्या शंभरातल्या सुमारे एकोणचाळिसांना पुन्हा तोच त्रास झाला, म्हणजे उरलेल्या एकसष्ट जणांची सुरी टळली. २०२० सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत तीन महिन्यांत दहांतल्या सुमारे तिघांना शस्त्रक्रिया लागली, आणि आत खडा असलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. थांबण्याचा पर्याय खुला झाला की 'किती पुढे गेले' हा प्रश्न सुश्रुताच्या अध्यायातून उठून खाटेच्या कडेला येऊन बसतो.

भाच्यालाही थांबायचे होते. सोनोग्राफीत आंत्रपुच्छ दहा मिलिमीटर जाड दिसले, भोवती गळू नव्हते, पण मुळाशी खडा होता. नऊ तासांत ९ चे ७४ झाले होते. सर्जननी हे दोन आकडे आणि तो खडा शेजारी शेजारी ठेवून सांगितले की तुमच्या बाबतीत गोळ्यांचा जुगार आम्ही सुचवणार नाही. ताईने विचारले, "फुटलंय का?" ते म्हणाले, "आकडा तसं म्हणत नाही. पण आकड्याला संध्याकाळपर्यंत बोलू द्यायचं का, ते तुम्ही ठरवा." सोमवारी दुपारी एकला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. टोक काळवंडू लागले होते, फुटले नव्हते.

सोमवारी रात्री त्याचे अंग तापले म्हणून मंगळवारी सकाळी पुन्हा रक्त घेतले गेले. सीआरपी १३२. परिशिष्ट बरणीत आणि धूर दुप्पट! ताई व्हरांड्यात खाली बसली. त्याच डॉक्टरबाई आल्या, पोटावर हात ठेवला, नाडी पाहिली, जखमा पाहिल्या. मग त्यांनी समजावले की सुरीचा घावही दाहच आहे; शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस यकृत त्या घावासाठीही तेच प्रथिन बनवते, त्यामुळे आजच्या आकड्यावरून कालच्या आगीविषयी काही ठरवू नये. उद्याचा सीआरपी त्यांनी कागदावर लिहिलाच नाही.

"मग बरा होतोय ते आम्हाला कळायचं कसं?" ताईने विचारले.

"भूक लागली की मला सांगा," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमाराला भाच्याने रविवारच्या मटणाची चौकशी केली. ताईने ते सोमवारी सकाळीच शेजारी देऊन टाकले होते.